परसातली बाळंतीण

सकाळचे साडेसहा. एका शेगडीवर दूध, दुसरीवर डब्याची भाजी, कणीक अजून मळायची आहे आणि धाकट्याचा एक पायमोजा काही केल्या सापडत नाही. अशा वेळी कुणी येऊन, ‘वहिनी, जरा पाच मिनिटं पक्षी बघा’ असे म्हटले असते, तर तीन वर्षांपूर्वी मी काय उत्तर दिले असते, ते इथे न लिहिलेलेच बरे!

तुम्हीही मनात हेच म्हणत असाल. पक्षी बघायचे ते गळ्यात दुर्बीण अडकवून, डोक्यावर टोपी घालून, रानात नाहीतर तळ्याकाठी जाऊन. आपल्याला मंडईत जायला सवड होत नाही, तिथे रान कुठले? पण मैत्रिणींनो, खरे सांगते, फाल्गुन ते वैशाख या तीन महिन्यांत रानच आपल्या परसदारी येते. आणि ते बघायची सर्वांत चांगली जागा म्हणजे आपल्या ओट्यासमोरची खिडकी. ही गोष्ट मी शहाणपणाने शिकले नाही, एक चूक करून शिकले. तीच आज सांगणार आहे.

आमचे घर साताऱ्याला, जुन्या वस्तीत. परस म्हणजे काही मोठी बाग नव्हे. बारा पावलांत संपते. धुण्याचा दगड, तुळस, कढीलिंब, एक लिंबू, दोन जास्वंदी, कुंपणाला शेवगा, न्हाणीघराच्या भिंतीवर चढलेली मधुमालती आणि कुणी न लावता उगवलेला देशी बदाम. तुमच्याकडे याहून थोडे जास्त असेल, नाहीतर गॅलरीत चार कुंड्या असतील. तेवढ्यावरही पुष्कळ दिसते.

कोण कोण येते?

माघ सरत आला आणि ऊन जरा तापू लागले, की पहिला येतो तो तांबट. टुक्, टुक्, टुक्! तांब्याच्या भांड्यावर कुणी हातोडी मारत बसावे, तसा एका तालातला आवाज. थंडीत हा गप्प असतो. चिमणीहून थोडा मोठा, अंगाने हिरवा, गळा पिवळा, कपाळावर आणि छातीवर लालभडक डाग. बोलताना मान इकडून तिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज क्षणात डावीकडून तर क्षणात उजवीकडून येतोसा वाटतो. मी पहिल्या वर्षी आठ दिवस त्याला शोधत होते आणि तो समोरच्या उंबरावर बसून माझी फजिती बघत होता.

पहाटे दूध घ्यायला दार उघडाल, तेव्हा विजेच्या खांबावर नाहीतर टाकीच्या टोकावर बसून जो मनसोक्त शीळ घालतो, तो दयाळ. नर काळा-पांढरा, जणू इस्त्रीचा कोट घालून आलेला. मादी तशीच, पण करड्या रंगाची. जुन्या भिंतीतल्या भोकातही हे जोडपे संसार थाटते.

कोकिळेबद्दल मात्र माझी शेजारणीशी पैजच लागली होती. आपण लहानपणापासून ‘कोकिळा गाते’ असे म्हणत आलो. पण ‘कुहू’ घालतो तो नर. काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. त्याची बायको तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज नुसता ‘किक् किक् किक्’. अंडी घालायची ती कावळ्याच्या घरट्यात. पुढचे उबवणे-भरवणे सगळे कावळीणबाईंकडे! हे ऐकल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, “म्हणजे कामधाम काही नाही, नुसतं गाणं! असा एक आमच्या माहेरीही होता.”

शेवगा फुलला की शिंजीर येतो. त्यालाच सूर्यपक्षी म्हणतात. अंगठ्याएवढा जीव, बाकदार चोच. विणीच्या दिवसांत नराच्या अंगावर ऊन पडले की पैठणीच्या पदरासारखा निळा-जांभळा चमकतो. मादी साधी, वरून मातकट आणि पोटाशी पिवळसर. आमच्या ह्यांच्या स्कूटरच्या आरशावर रोज सकाळी टक् टक् चाले. ह्यांना वाटले, गल्लीतल्या मुलांचा खोडकरपणा. पाहतो तर हे महाशय! आरशात दिसणारा आपलाच मुखडा त्यांना दुसरा नर वाटत होता आणि ते त्याच्याशी लढून लढून दमत होते. मग धाकट्याचा तो जोडीदार हरवलेला पायमोजा आम्ही आरशावर चढवला. भांडण मिटले.

याशिवाय सात-आठांच्या टोळीने येऊन पाचोळा उलटापालटा करणारे आणि अखंड कलकलाट करणारे सातभाई. इंग्रजीत त्यांनाच ‘सेव्हन सिस्टर्स’ म्हणतात. म्हणजे गडबड-गोंधळ कोण करते, भाऊ की बहिणी, याचा निकाल लागलेला नाही! जसे हे येतात, तसे काही जातातही. थंडीभर धुण्याच्या दगडाशी शेपटी वरखाली हलवत फिरणारा धोबी पक्षी पाडव्याच्या सुमारास एक दिवस दिसेनासा होतो. तो उत्तरेकडे हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे घरटे करायला जातो. पहिल्या वर्षी त्याची वाट बघताना मला चक्क चुकल्यासारखे झाले होते.

माझी चूक

गेल्या वर्षी चैत्रात मधुमालतीच्या वेलीत, अगदी डोळ्यांच्या उंचीवर, बुलबुलाच्या जोडीने घरटे बांधले. बुलबुल तुम्ही नक्की पाहिला असेल. डोक्यावर काळा तुरा, अंग धुरकट आणि शेपटीखाली लाल ठिपका. बारीक काड्यामुळ्यांची वाटी आणि तिच्यात तीन अंडी. गुलाबीसर पांढरी, त्यांवर कुंकू सांडावे तसे तांबूस ठिपके.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सकाळी एकदा, शाळेतून आल्यावर एकदा आणि दिवे लागायच्या आधी एकदा, मी वेल बाजूला करून बघायची. बुलबुल भुर्रकन उडायची आणि तारेवर बसून ओरडायची. मी म्हणायची, “अगं, मीच आहे, घाबरतेस काय?”

त्याच आठवड्यात आमच्याकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. तीसेक बायका आल्या. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, ओटी, सगळे झाले की मी एकेकीला म्हणत होते, “चला, तुम्हाला मागे एक गंमत दाखवते.” दर वेळी वेल बाजूला व्हायची. दोघीतिघींनी मोबाइल आत घालून फोटोही काढले. बुलबुलांची जोडी तारेवर आकांत करत होती आणि मी हसून सांगत होते, “बघा, तुमचं कसं स्वागत चाललंय!” कुंपणावर दोन कावळे बसले होते. तेव्हा त्यांच्याकडे माझे लक्षही गेले नाही. आज मात्र ते स्वच्छ आठवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरटे तिरपे लोंबत होते. आत काही नव्हते. खाली एक फुटके कवच पडले होते. जोडी तारेवर बसली होती, पण ओरडत नव्हती. धाकटा माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “आई, कावळ्याला आपणच दाखवलं ना?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. कावळा हा फार हुशार पक्षी. माणसे सारखी कुठे डोकावतात, हे तो बघून ठेवतो. आम्ही पानांचा आडोसा विस्कटला होता, आईला वारंवार अंड्यांवरून उठवले होते आणि जागा बोटाने दाखवावी तशी दाखवून दिली होती.

दुपारी मी सासूबाईंना सगळे सांगितले. त्या गहू निवडत होत्या. ताटातली नजर वर न करता एवढेच म्हणाल्या, “बाळंतिणीच्या खोलीपुढं अशी रांग लावतं का कुणी?”

मैत्रिणींनो, ते वाक्य मला लागले. पण ते पक्ष्यांपुरते लागले नाही. धाकट्याच्या वेळी आईची तब्येत बरी नव्हती, म्हणून माझे बाळंतपण सासरीच झाले. बाळ जेमतेम दोन किलोचे. विसाव्या दिवशी माझ्या कॉलेजच्या तीन मैत्रिणी पुण्याहून एवढा प्रवास करून भेटायला आल्या आणि सासूबाईंनी त्यांना बाहेरच्या खोलीत चहा देऊन तिथूनच परत पाठवले. “बाळ जरा अंग धरू दे, मग या,” म्हणाल्या. मी आत पडून त्यांचे आवाज ऐकत होते. त्या दिवशी मी खूप रडले. नऊ वर्षे हा सल मनात होता. कधी बोलले नाही, पण विसरलेही नव्हते. गव्हाच्या त्या ताटासमोर बसल्यावर पहिल्यांदा माझ्या लक्षात आले, की त्या दारात उभ्या होत्या त्या मैत्रिणींना अडवायला नव्हे, बाळाला जपायला.

हे मी त्यांना बोलून दाखवले नाही. संध्याकाळी त्यांच्या चहात आले जरा जास्त किसून घातले, एवढेच.

शिंपिणीचे घर

या वर्षी फाल्गुनात नवीच भानगड झाली. सासूबाई मागच्या दारी बसून वाती वळतात. पिंजलेला कापूस ठेवलेला असायचा, त्यातला थोडा थोडा रोज कमी होऊ लागला. मी खिडकीतून पाळत ठेवली. चोर निघाला शिंपी पक्षी! चिमणीहून लहान, पाठ हिरवट, माथा तांबूस, शेपटी ताठ उभी. एवढ्याशा देहातून ‘टुविट् टुविट् टुविट्’ असा केवढा तरी मोठा आवाज.

बदामाच्या खालच्या फांदीवरची दोन पाने जवळ आणून त्यांच्या कडांना चोचीने भोके पाडायची, त्यांतून कापसाचा नाहीतर कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओवायचा. धाग्याचे टोक बाहेरच्या अंगाला पिंजल्यासारखे फुलते आणि तेच गाठीचे काम करते. आत कापसाची गादी. शिवणाच्या वर्गात मला कधी इतकी सफाईदार शिलाई जमली नाही. आणि बाहेरून बघाल तर नुसती पानेच दिसतील.

आता अडचण अशी, की नेमका हाच बदाम आम्ही तोडणार होतो. पावसाळ्यात परसात चिखल होतो, म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आत सगळीकडे कोबा करायचा आणि बदामाच्या जागी स्कूटरसाठी पत्र्याची शेड घालायची, असे ह्यांनी ठरवले होते. सिमेंटची पोती येऊन पडली होती. गवंडीही ठरला होता. आणि पंधरा दिवस पुढे ढकलायचे म्हटले की गवंडी दुसऱ्या कामावर जातो, हे तुम्हाला मी सांगायला नकोच.

मी ह्यांना घरटे दाखवले. अर्थात लांबून, खिडकीतूनच. अंडी उबायला बाराएक दिवस, पिल्ले उडायला आणखी दोन आठवडे, असा हिशोब सांगितला. “एका चिमणीसाठी महिनाभर काम थांबवायचं?” हे चिडून म्हणाले. मी म्हटले, “चिमणी नाही, शिंपीण आहे.” त्याने काही राग कमी झाला नाही. दोन दिवस घरात अबोला होता.

सोडवणूक केली ती गवंडीमामांनीच. ते माप घ्यायला आले, तेव्हा सासूबाईंनी त्यांना मागच्या दारी थांबवून हळूच बोट दाखवले. मामा थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “राहू द्या आक्का. माझी लेकपण माहेरी आलीया बाळंतपणाला. मी तोवर न्हाणीघराकडची बाजू धरतो, हिकडचं मागनं बघू.” ह्यांना काही बोलायला जागाच उरली नाही.

पुढचे सव्वीस दिवस मी खिडकीतून पाहिले. आई आत गेली की पान जरासे हलायचे, तेवढेच दिसायचे. मग एक दिवस चोचीत हिरवी अळी घेऊन दोघांची ये-जा सुरू झाली. धाकट्याने वहीत रेघा मारून मोजले. मी पोळ्या करत असताना अर्ध्या तासात सोळा खेपा! आणि शेवटी एका सकाळी, आखूड शेपटीची तीन पिल्ले बदामाच्या फांदीवर एकमेकांना चिकटून बसलेली दिसली. त्या दिवशी माझी एक पोळी करपली. ती ह्यांनी न बोलता खाल्ली.

कोबा आता धुण्याच्या दगडापर्यंत झाला आहे. बदाम आहे. स्कूटर गल्लीत ताडपत्रीखाली उभी असते. “पुढच्या वर्षी बघू,” असे हे म्हणतात. पुढच्या वर्षीचे पुढच्या वर्षी.

एवढे जरूर करा

१. आपले रोजचे काम करत, एकाच जागेवरून बघा. रोज ओट्यापाशी उभ्या असणाऱ्या बाईची पक्ष्यांना सवय होते. घरट्यापाशी मात्र जाऊ नका, पाने बाजूला करू नका, फोटोचा मोह टाळा. पक्षी सारखा ओरडू लागला की समजावे, आपण फार जवळ आलो.

२. उन्हाळ्यात मातीच्या पसरट परळात पाणी ठेवा. दोन बोटांहून खोल नको. मधे एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे लहान पक्ष्यांना पाय टेकता येतो. पाणी रोज बदला आणि परळ काथ्याने घासा, नाहीतर डास होतील. मांजराला दबा धरता येईल अशा झुडपाशी ते ठेवू नका.

३. दाणे घालायचे तर ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी मूठभर पुरे. फोडणीचा भात, फरसाण, मिठाचे उरलेसुरले घालू नका.

४. घरातली जळमटे खुशाल काढा, पण परसातली वैशाखापर्यंत राहू द्या. शिंजीर आणि शिंपी यांची घरटी कोळ्याच्या जाळ्याशिवाय होत नाहीत.

५. झाडांवर विषारी फवारे मारू नका. दाणे खाणारी चिमणीसुद्धा आपल्या पिल्लांना अळ्या-किडेच भरवते. जास्वंद, कर्दळ, शेवगा, कढीलिंब यांतले काहीतरी लावा. कढीलिंबाच्या पिकल्या काळ्या फळांवर बुलबुल आणि कोकीळ तुटून पडतात.

६. पिसे फुटलेले, आखूड शेपटीचे पिल्लू जमिनीवर दिसले, तर ते अनाथ समजून घरात आणू नका. बहुधा ते उडायला शिकत असते आणि आईबाप जवळच असतात. मांजराला हाकला, फार तर पिल्लू जवळच्या फांदीवर ठेवा. उघडे, बिनपिसांचे पिल्लू पडले असेल, तर हलकेच घरट्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा गैरसमज आहे.

७. मुलांनी हट्ट केला तरी पोपट पिंजऱ्यात ठेवू नका. आपले रानातले पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे.

आणि एक वही करा. तारीख, वेळ, काय दिसले, बस्स. माझ्या शाळेतल्या सहावीच्या मुलींना मी आठवडाभर घरच्या खिडकीतून दिसणारे पक्षी लिहायला सांगितले. ‘आमच्याकडे फक्त कावळे-चिमण्या’ म्हणणाऱ्या एका मुलीने आठवड्याअखेर अकरा नावे आणली!

नावे कळत नसतील तर वाचनालयात विचारा. मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ मराठी नावांसाठी उत्तम. डॉ. सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक १९४१ साली प्रथम निघाले आणि आजही लोक ते हाताशी ठेवतात. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथून त्यांचा हा जन्माचा छंद सुरू झाला. मुलांसाठी पक्ष्यांवरचे एक छान इंग्रजी पुस्तक एका बाईंनी लिहिले आहे, हेही मुद्दाम सांगते. त्यांचे नाव जमाल आरा. नॅशनल बुक ट्रस्टने ते १९७० साली काढले.

या वर्षीच्या हळदीकुंकवाला शिंपीण अंड्यांवर बसली होती. गेल्या वर्षीच्या बायकांनी आल्या आल्या विचारले, “यंदा काय दाखवणार?” मी काही बोलायच्या आत मागच्या दारातून आवाज आला. सासूबाई उंबऱ्याशी खुर्ची टाकून, मांडीवर गजऱ्यांचे तबक घेऊन बसल्या होत्या.

“आत बाळंतीण आहे,” त्या म्हणाल्या. “बारशाला बोलावू.”

सगळ्याजणी हसल्या आणि तिथूनच फिरल्या. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन पन्ह्याचे पेले भरता भरता खिडकीतून एकदा बघितले. पान जरासे हलत होते.

उद्या सकाळी दूध तापत ठेवाल, तेव्हा तुम्हीही एकदा खिडकीबाहेर बघा. दुधावर लक्ष असू द्या म्हणजे झाले!